कुस्तीचा वृत्तान्त : फडावरचा आणि वृत्तपत्रातला

२०२३ सालच्या जानेवारीत पुण्यास कोथरूड येथे ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा भरली होती. तीत माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची जी लढत झाली, तिचा निकाल एका डावावर फिरला. गायकवाड यांच्या ‘बाहेरच्या टांगे’ला पंचांनी चार गुण दिले; ते गुण चार की दोन, यावरून पुढे कित्येक दिवस महाराष्ट्रभर वादंग माजले. उभ्याने टाकलेला मल्ल थेट पाठीच्या अंगाने धोक्याच्या स्थितीत गेला तर चार गुण, तो नुसता खाली येऊन ताब्यात आला तर दोन, असा आजच्या गुणपद्धतीचा नियम आहे. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही ‘वादग्रस्त निर्णया’ची बातमी होती, आणि बातमीचे आयुष्य असते तेवढेच ती जगली. परंतु ज्यांचा कोणत्याही वृत्तपत्राशी संबंध नाही अशा असंख्य कुस्तीशौकिनांनी मोबाइलवर त्या क्षणाचे चित्रण मंदगतीने फिरवून पाठ जमिनीकडे किती वळली, पाय नेमका कोठे अडकला, याचा कीस काढला, आणि आपापले निवाडे लोकांपुढे मांडले. कुस्ती कशी झाली हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, पेशाच्या वार्ताहराचा की फडावरच्या माणसाचा, हा प्रश्न त्यानिमित्ताने पुन्हा ऐरणीवर आला.

पुन्हा असे म्हणण्याचे कारण, हा प्रश्न मोबाइलबरोबर आलेला नाही. निदान कोल्हापुरात तरी तो शंभर वर्षांहून जुना आहे. पेशाचा वार्ताहर जाणकार नसतो व हौशी माणूस विश्वासार्ह नसतो, अशी एक सोपी वाटणी सर्वत्र केली जाते. ती मला मान्य नाही. कुस्ती जाणणारे वार्ताहर या शहरात होऊन गेले आहेत आणि थापा मारणारे वस्तादही होऊन गेले आहेत. दोघांतील खरा भेद प्रेमाचा नाही किंवा ज्ञानाचाही नाही; आपण कोणासमोर बोलतो आणि चुकलो तर टोकणारा कोण, याचा तो भेद आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास या विषयात रस वाटावा तो अशासाठी की, हा भेद दोघांच्या वाक्यरचनेत आणि शब्दसंग्रहात उतरलेला दिसतो.

मल्लविद्येसंबंधीचे लेखन आपल्याकडे वृत्तपत्रांपूर्वी कितीतरी शतके होत आले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील ‘मल्लपुराण’ १९६४ साली सांडेसरा आणि मेहता यांनी बडोद्याहून संपादून प्रसिद्ध केले. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून दहा खंडांत ‘व्यायाम ज्ञानकोश’ प्रसिद्ध केला. या तिन्ही ग्रंथांना झालेल्या लढतीचा वृत्तान्त सांगावयाचा नसून विद्या सांगावयाची आहे. अमुक दिवशी कोण जिंकले यात त्यांस स्वारस्य नाही. कोणत्या अंगाने कोणते अंग धरावे यात आहे. फडावरच्या माणसाचे बोलणे या जुन्या परंपरेचे आहे. वृत्तान्त सांगतानाही तो मनातून विद्याच सांगत असतो.

त्याची भाषा तालमीत घडली. ‘तालीम’ हा शब्द अरबी, मूळ अर्थ शिकवण. ‘पैलवान’, ‘वस्ताद’, ‘कुस्ती’ हे फारसीतून आलेले. ‘दस्ती’ या डावातील ‘दस्त’ म्हणजे हात, तोही फारसीच. परंतु या परक्या सांगाड्यावर अंगमेहनतीच्या रोजच्या जगण्यातून घेतलेल्या प्रतिमांचे मांस चढलेले आहे. धोबी कापड आपटतो तशी ती ‘धोबीपछाड’, लाकडाची बांधावी तशी प्रतिस्पर्ध्याची बांधलेली ती ‘मोळी’, काखेखालून बुडी मारून निसटणे ती ‘बगलडूब’. हे शब्द कोणा पंडिताने बसविलेले नाहीत, तसेच संपादकानेही नाहीत. त्यांचा गुण असा की, डाव ज्याने कधी पाहिला नाही त्याच्याही डोळ्यांपुढे तो अर्धाअधिक उभा राहतो. ‘पट काढणे’ यातील ‘पट’ मात्र मांडी या अर्थाचा आहे, आणि ‘चीतपट’मधील ‘पट’ पालथा या अर्थाचा. हे दोन शब्द एकच समजून लिहिलेली वाक्ये छापील मजकुरात अधूनमधून आढळतात. तालमीत तसा घोटाळा होण्याचा संभव नाही, कारण तेथे शब्दाबरोबर हात चाललेला असतो.

शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपच्या प्रवासात रोमचे कलोझियम पाहिले. त्या धर्तीवर कोल्हापुरात बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले, आणि पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांची झाली, हे येथे पुन्हा विस्ताराने सांगावयास नको. मैदानाच्या रचनेकडे मात्र लक्ष वेधले पाहिजे. हौदा मध्यभागी आणि प्रेक्षक सभोवार उतरत्या चढणीवर, त्यामुळे कोठेही बसलेल्या माणसास कुस्ती दिसते. याचा एक परिणाम असा झाला की, खासबागेत बसलेल्या माणसास वृत्तान्ताची गरजच नव्हती. प्रत्येक जण साक्षीदार. वृत्तान्त लागे तो घरी राहिलेल्यांना, आणि तो त्यांच्याकडे जाई बैलगाडीतून, बाजाराच्या दिवशी, तोंडी. कोल्हापुरात ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ दैनिक झाला तो १९३९ साली, म्हणजे खासबागेची पहिली कुस्ती होऊन गेल्यावर सत्तावीस वर्षांनी. या मधल्या काळात पंचक्रोशीतील कुस्तीची कीर्ती वाढविली ती मुख्यत्वे जिभेने.

कुस्ती छापून आली की तिचे काय होते याचे एक उदाहरण त्याच काळातले, पण दूरचे आहे. खासबागेत उतरलेला हाच इमामबक्ष दोन वर्षांपूर्वी, १९१० साली, आपला भाऊ गामा याच्याबरोबर लंडनला गेला होता. तेथे त्याने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला पाडले. गामाची लढत १० सप्टेंबरला पोलंडच्या झ्बिश्कोशी झाली. झ्बिश्कोने आरंभीच्या झटापटीनंतर जी जमीन धरली ती जवळजवळ शेवटपर्यंत सोडली नाही. अडीच तासांहून अधिक काळ लोटला आणि लढत अनिर्णित राहिली. इंग्रज पत्रकारांना ती कंटाळवाणी वाटली, आणि घड्याळाच्या हिशेबाने पाहता त्यांचे म्हणणे चूक नव्हते. परंतु आपल्याकडच्या कोणत्याही वस्तादास त्या अडीच तासांचा अर्थ चटकन समजला असता: एका मल्लाने हार मानली आहे व तो फक्त पाठ वाचवीत आहे. आठवड्याने, १७ सप्टेंबरला, झ्बिश्को पुन्हा लढण्यास आलाच नाही, आणि १९२८ साली पतियाळा येथे गामाने त्याला एका मिनिटाच्या आत पाडले. घड्याळ घेऊन बसलेल्या माणसाने नोंद अचूक ठेवली, पण वृत्तान्त त्याच्या हातून निसटला. अर्थात, त्या नोंदीशिवाय आपणांस आज तारीख वा वेळ कळली नसती, हेही विसरता कामा नये. गामाच्या कुस्त्यांसंबंधी ज्या कथा केवळ जिभेवर राहिल्या, त्यांच्या वेळा प्रत्येक सांगणाऱ्यागणिक कमी होत गेलेल्या आहेत!

आता मराठी वृत्तपत्रातील कुस्तीच्या बातमीची घडण पाहू. तिचा एक ठराविक साचा आहे आणि तो गेल्या कित्येक दशकांत फारसा बदललेला नाही. नमुन्यादाखल असे वाक्य घ्या: ‘प्रथम क्रमांकाच्या कुस्तीत अमुक तालमीच्या अमुकने तमुक तालमीच्या तमुकास अमक्या मिनिटाला अमक्या डावावर चीतपट केले.’ या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, काळ आहे, डावाचे नाव तृतीयेच्या अर्थाने साधन म्हणून आहे, आणि क्रियापद भूतकाळी, पूर्ण. सगळी लढत त्या शेवटच्या क्षणात गोळा झालेली असते. त्यापूर्वीची खडाखडी, दोनदा हुकलेला पट, दम उखडलेला कोणता मल्ल कसा वेळ काढीत होता, यांस वाक्यात जागा नाही. जागा नाही हे शब्दशः खरे आहे: गावोगावच्या जत्रांच्या हंगामात एकेका दिवशी अनेक मैदाने होतात आणि छपाईचा रकाना तेवढाच असतो. वार्ताहरास यासाठी दोष देणे म्हणजे तारेत कादंबरी का लिहिली नाही असे विचारणे होय.

यापेक्षा महत्त्वाचे आहे ते दुसरे वाक्य: ‘कुस्ती बरोबरीत सोडविण्यात आली.’ मराठीतील ‘-ण्यात येणे’ या कर्मणी रचनेने वृत्तपत्रांची व सरकारी कचेऱ्यांची फार मोठी सोय केलेली आहे. कुस्ती कोणी सोडविली? मैदान भरविणाऱ्या कमिटीने, पंचांनी, की देणगीदाराने? का सोडविली? अंधार पडला म्हणून, दोघे थकले म्हणून, की दोघांनाही हरू द्यावयाचे नव्हते म्हणून? वाक्य काहीच सांगत नाही, आणि खोटेही बोलत नाही. उद्या कोणी विचारले तर वार्ताहरास संपादकापुढे या वाक्याचे समर्थन करता येते. त्याची जबाबदारी संपादकापाशी आहे, आणि त्याची भाषा त्या जबाबदारीने वळण घेतलेली आहे. वाचक त्याच्या समोर नसतो. असता तर ‘सोडविण्यात आली’ असे म्हणण्याचे धाडस त्याने क्वचितच केले असते.

फडावरच्या निवेदकाची गोष्ट निराळी. निवेदक ही फार प्राचीन संस्था आहे असा समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. हलगी जुनी आहे, शड्डूचा आवाज जुना आहे, जोड लावताना नावे पुकारणारा माणूसही जुना. परंतु कुस्ती चालू असताना ती हजारो लोकांना बोलून दाखविणारा निवेदक ध्वनिक्षेपकाशिवाय संभवतच नाही. म्हणजे वयाने तो वृत्तपत्राच्या वार्ताहराहून लहान आहे. मौखिक आहे म्हणून तो परंपरागतच असला पाहिजे असे नाही. कोथळीचे शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी या कामास जी कळा आणली ती या यंत्रयुगातलीच निर्मिती होय. त्यांच्या भाषेत क्रियापद पुष्कळदा गळालेले असते: ‘डावा हात मानेवर, उजव्याने मनगट, आता पट, पट... हुकला!’ जेथे क्रियापद येते तेथे ते वर्तमानकाळी. मल्लाचे नाव एकटे येत नाही. गाव, तालुका, वस्ताद, वडील पैलवान असतील तर त्यांचे नाव, त्यांनी कोणाशी गाजविलेली कुस्ती, हे सगळे बरोबर येते. वृत्तपत्र मल्लास ‘अमुक तालमीचा’ एवढ्यावर भागविते. निवेदक त्याला वंशावळीत बसवितो. आणि हे सर्व अशा श्रोत्यांसमोर, ज्यांतील प्रत्येकाला समोरची कुस्ती निवेदकाइतकीच स्वच्छ दिसते आहे.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला एका लहानशा प्रसंगाने पटले. करवीर तालुक्यातील एका गावच्या जत्रेच्या मैदानात मी ध्वनिमुद्रणासाठी बसलो होतो. निवेदकाने ‘घिस्सा!’ असे म्हटले मात्र, माझ्या मागच्या ओळीतून एक म्हातारा पटका सावरीत उभा राहिला आणि ओरडला, ‘पोकळ घिस्सा म्हण की रं!’ आसपासचे हसले. निवेदकानेही क्षणभर थांबून ‘पोकळ घिस्सा, बरोबर बोलला मामा,’ असे म्हणून दुरुस्ती केली व तो पुढे गेला. चूक आणि दुरुस्ती यांत दहा सेकंदांचे अंतर होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्या मैदानाची बातमी आली. तीत पहिल्या तीन कुस्त्यांचे निकाल होते, बक्षिसाच्या रकमा होत्या, उपस्थित मान्यवरांची लांब यादी होती, आणि या कुस्तीपुरते ‘घिस्सा डावावर’ एवढे दोन शब्द होते. त्या शब्दांना उभा राहून टोकणारा कोणी नव्हता. विद्यार्थ्यांना क्षेत्रीय भाषाभ्यासाचे महत्त्व समजावून सांगताना मी हल्ली इतर उदाहरणे देण्याचे सोडून दिले आहे.

परंतु येथे थांबलो तर निवेदकाच्या बाजूने पक्षपात होईल. त्याला बोलाविते कमिटी, त्याचा मानसन्मान करते कमिटी, आणि प्रत्येक दोन कुस्त्यांच्या मध्ये देणगीदारांची नावे घेणे हे त्याच्या कामाचाच भाग असते. डावाच्या नावाबद्दल फड त्याला टोकतो. पण कुस्ती मुळात खरी होती की नाही याबद्दल तो बोलत नाही, आणि फडही त्याला बोलावयास लावीत नाही. ठरवून केलेल्या लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. शब्द कुस्तीतलाच, म्हणजे फसवणुकीला नाव देण्याइतकी स्पष्ट जाणीव कुस्तीच्या जगाला पूर्वीपासून होती. असे असून ध्वनिक्षेपकावरून तो शब्द चालू कुस्तीस लावल्याचे मी ऐकलेले नाही. गंमत अशी की, वृत्तपत्रांनी तो सर्रास वापरला, पण राजकारणासाठी: दोन पुढाऱ्यांच्या लटक्या भांडणाला ‘नुरा कुस्ती’ म्हणण्यास अग्रलेखकास काही वाटत नाही. तालमीतील शब्द असे मूळ जागी मुके आणि परक्या जागी बोलके झाले. ‘शड्डू ठोकणे’, ‘लंगोट कसणे’, ‘आखाड्यात उतरणे’ हेही निवडणुकीच्या दिवसांत ज्या प्रमाणात छापले जातात त्या प्रमाणात कुस्तीच्या बातमीत येत नाहीत.

पेशाच्या पत्रकारांनी मराठीस काय दिले हे पाहावयाचे तर कुस्ती सोडून क्रिकेटकडे वळले पाहिजे. तेथे तालीम नव्हती, वस्ताद नव्हते, मराठी शब्दही नव्हते. खेळ इंग्रजी, खेळणारेही खेळताना इंग्रजी शब्दच उच्चारणारे. वृत्तपत्रे आणि पुढे आकाशवाणी यांना रोजच्या निकडीतून शब्द पाडावे लागले. ‘गोलंदाज’ हा तोफखान्यातील जुना शब्द तयारच होता. ‘-अंदाज’ म्हणजे फारसीत फेकणारा. त्याच्या जोडीला ‘फलंदाज’ आला. व्युत्पत्तीने पाहिले तर फलंदाज म्हणजे फळी फेकणारा, आणि असा खेळाडू पंचांनी तत्काळ बाहेर काढावयास हवा! पण शब्द रोज सकाळी छापून आला की त्याचे व्याकरण कोणी विचारीत नाही. याहून मनोरंजक आहे ते ‘त्रिफळाचीत’, ‘पायचीत’, ‘यष्टिचीत’, ‘धावचीत’ यांतील ‘चीत’. पाठीवर पडलेला, म्हणून हरलेला, हा अर्थ कुस्तीच्या हौद्यातला; त्याला दुसरे उगमस्थान मला दिसत नाही. पायचीत झालेला फलंदाज चांगला दोन पायांवर उभा असतो, तरी मराठीत तो चीत झालेला असतो. कुस्तीला रकान्याचा कोपरा देणाऱ्या वृत्तपत्रांनी क्रिकेटला भाषा देताना हात पसरला तो कुस्तीपुढे. पेशाचा वार्ताहर आणि फडावरचा माणूस यांच्या देवघेवीचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ही भाषा लोकांच्या कानांत मुरविण्याचे श्रेय ज्यांस द्यावे लागते त्यांत बाळ ज. पंडित हे आकाशवाणीवरील समालोचक प्रमुख आहेत, आणि ते स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले क्रिकेटपटू होते. म्हणजे येथे फडावरचाच माणूस प्रसारणात गेला. दुसरे नाव वि. वि. करमरकर यांचे. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी क्रीडावृत्तास दैनिकाचे स्वतंत्र पान मिळवून दिले आणि देशी खेळांनाही त्यात जागा दिली. हौशी माणसाला आवडेल तेव्हा लिहिता येते. रोज, पाऊस असो वा सामना नीरस असो, पान भरणे हा पेशाचा धर्म आहे, आणि नोंदींची सलगता त्यातूनच येते. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध ४४३ धावा केल्या, ते नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ धावांपासून ते अवघ्या नऊ धावा दूर होते, आणि प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्याचे नाकारले, हे सर्व आज आपण निःशंकपणे सांगतो ते नोंदवहीच्या जोरावर. त्याच काळात खासबागेत झालेल्या कुस्त्यांविषयी इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही. जुन्या कुस्तीत आकडा नसे. पाठ लागली की नाही एवढाच हिशेब असे. त्यामुळे निवेदकाची आणि वस्तादाची स्मृती हीच तिची नोंदवही, आणि स्मृतीची पाने कोणी क्रमांकाने शिवून ठेवीत नाही.

या दोन प्रकारच्या नोंदींचा संबंध जेथे सर्वांत दुःखद झाला ते उदाहरण खाशाबा जाधवांचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापुरात शाळकरी मुलासही ठाऊक असते. हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. निकालपत्रकात त्यांचे दोन पराभव दिसतात, जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हकडून. निकालपत्रक येथे संपते. त्यापुढची हकीकत फडावरच्या लोकांनी जतन केली: इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाचा विश्रांतीचा अर्धा तास खाशाबांना मिळाला नाही, त्यांना लगेच पुढच्या लढतीस उभे केले गेले, आणि हरकत घ्यावयास भारतीय पथकातील कोणीही अधिकारी तेथे हजर नव्हता. ही हकीकत दोन पराभवांच्या मधल्या वेळेविषयी आहे, आणि मधली वेळ निकालपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात मावत नाही. त्या वर्षी देशाच्या डोळ्यांत भरले होते ते हॉकीचे सुवर्णपदक. खाशाबा १९८४ साली वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. मधल्या तीन दशकांत त्यांचे नाव तेवते राहिले ते कराड-कोल्हापूरच्या तालमींतून, आणि पुढे वृत्तपत्रांनी ते उचलले तेव्हा त्यांना हाताशी आली ती तालमींनी सांगितलेलीच गोष्ट. ती ऐकीव आहे हे अभ्यासकाने नोंदविले पाहिजे. पण ऐकीव म्हणून टाकून दिली असती तर उरले असते काय, हेही त्याने नोंदवावे.

कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी जाता जाता एवढेच सांगतो की, येथील संघ ‘पाटाकडील तालीम मंडळ’, ‘दिलबहार तालीम मंडळ’, ‘खंडोबा तालीम मंडळ’ अशा नावांनीच शाहू स्टेडियमवर उतरतात. खेळ इंग्रजांचा, संस्था तालमीची. साहजिकच तेथील सामन्याचा वृत्तान्तही पेठेचा वृत्तान्त होतो, आणि पेठेतला माणूस सांगतो तेव्हा कोणत्या पेठेतला हे आधी विचारावे लागते.

आता पुन्हा मोबाइलवाल्या शौकिनाकडे येऊ. त्याने गावोगावची मैदाने चित्रित करून ठेवली, जेथे कोणताही वार्ताहर कधी गेला नसता तेथल्या कुस्त्या साठविल्या, आणि म्हाताऱ्या वस्तादांना बोलते केले. भाषेच्या अभ्यासकाने त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु त्याची स्थिती पूर्वीच्या दोघांहूनही निराळी आहे. तो संपादकापुढे उभा नाही आणि फडापुढेही नाही. त्याच्या श्रोत्यांनी कुस्ती पाहिली आहे ती त्याने दाखविलेल्या कोनातूनच. पटका सावरीत उभा राहणारा म्हातारा त्याच्यापुढे नसतो. असतात ते त्याच्याच तालमीचे चाहते, नाही तर विरुद्ध तालमीचे वैरी, आणि दोघांनाही डावाच्या नावाहून निकालाची चाड अधिक. २०२५ साली अहिल्यानगरच्या ‘महाराष्ट्र केसरी’त शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून वाद होऊन प्रकरण पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत गेले. तेव्हाही तेच चित्रण दाखवून एक जण ‘चीत’ म्हणत होता आणि दुसरा ‘नाही’. कुस्तीतील सर्वांत जुना व सर्वांत निर्विवाद शब्द इतका वादग्रस्त होईल असे मला कधी वाटले नव्हते.

मल्लविद्येच्या शब्दांची टिपणे मी काही वर्षे जमवीत आलो आहे. त्यांतील ‘बाहेरची टांग’ या नोंदीचा मसुदा २०२३ नंतर मला तीनदा बदलावा लागला. वृत्तपत्रांच्या कात्रणांत ‘टांग डावावर’ एवढेच सापडते. आतली की बाहेरची हेही पुष्कळदा नसते. कोथरूडच्या लढतीची चित्रणे पाहावी तर पाय दिसतो तेथे पाठ दिसत नाही. गंगावेशीतील एका वृद्ध वस्तादांना मी विचारले, तेव्हा त्यांनी व्याख्या सांगण्याऐवजी मला उभे केले, माझा दंड धरला, आणि आपला पाय माझ्या पायाच्या बाहेरून नेऊन पोटरीमागे टेकविला. ‘एवढं लिहा,’ ते म्हणाले, ‘पुढचं पडल्यावर कळतं.’ दुसऱ्या तालमीतील त्यांच्याच वयाच्या वस्तादांनी पोटरीऐवजी टाच सांगितली. दोन्ही पाठ मी नोंदीत ठेवले आहेत.